शत्रूचा मानवाधिकार अहवाल: वाचायचा की फेकायचा?

गंगापूररोड
‘गोदाकाठ’ यांनी काल लिहिलं, “प्रतिस्पर्धी देशाने काढलेला मानवाधिकार अहवाल म्हणजे शुद्ध प्रचार. तो उघडायचाच कशाला?” याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. इतर देशांवरचा अमेरिकेचा वार्षिक मानवाधिकार अहवाल कुणाच्या मर्जीने निघत नाही. १९६१च्या परदेशी मदत कायद्यात पुढे घातलेल्या कलमांनुसार तो तिथल्या काँग्रेसला द्यावाच लागतो, मुदत २५ फेब्रुवारी. वकिलातीतला अधिकारी वकील, पत्रकार, कामगार संघटना यांच्याशी बोलून कच्चा मसुदा करतो. मग वॉशिंग्टनमध्ये मानवाधिकार विभाग आणि त्या प्रदेशाचा विभाग एकेका शब्दावरून भांडतात. एकाला आरोप स्पष्ट हवा असतो, दुसऱ्याला संबंध बिघडायला नको असतात. म्हणून क्रियापद बघा. ‘पोलिसांनी मारलं’, ‘मारल्याची विश्वासार्ह वृत्तं आहेत’, ‘संघटनांचा आरोप आहे’ या तिन्हींचं वजन वेगळं. चीनही २००० पासून अमेरिकेवर असाच अहवाल काढतो आणि त्यातला बराचसा मजकूर अमेरिकी वर्तमानपत्रांतून, सरकारी आकड्यांतून घेतलेला असतो. निवड एकतर्फी असते, पण उगम तपासता येतो.

गोदाकाठ
उगम? १० ऑक्टोबर १९९०ला अमेरिकी खासदारांसमोर १५ वर्षांची कुवेती मुलगी रडत म्हणाली की इराकी सैनिकांनी इन्क्युबेटरमधून बाळं काढून फरशीवर टाकली. फक्त पहिलं नाव सांगितलं. पुढे युद्ध झालं आणि १९९२मध्ये कळलं की ती कुवेतच्या राजदूताची मुलगी. ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने सुद्धा ३१२ बाळांचा आकडा आधी छापला, मग मागे घेतला. हेच का तुमचे उगम?

पंचवटी
ती साक्ष होती, वार्षिक अहवाल नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका. अहवालाचं खरं पाप मित्रराष्ट्राच्या बाबतीत दिसतं. डिसेंबर १९८१मध्ये एल साल्वादोरच्या सैन्याने एल मोसोते गावात माणसं कापली. अमेरिकी वकिलातीची दोन माणसं जानेवारीत त्या भागात गेली, गावापर्यंत पोचलीच नाहीत, आणि पद्धतशीर कत्तलीचा पुरावा सापडत नाही असं कळवलं. त्याच महिनाअखेर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ‘मानवाधिकार सुधारताहेत’ असं प्रमाणपत्र सही करून दिलं. १९९२मध्ये तिथं उकरल्यावर किमान १४३ सांगाडे निघाले, त्यातले १३१ बारा वर्षांखालच्या मुलांचे. शत्रूवरचा अहवाल निदान कुणीतरी खोडून काढतं. मित्रावरचा कोण खोडणार?

निफाडकर
उगम आणि तपासणीचा विषय निघालाच आहे तर २०१०ची द्राक्षं आठवा. युरोपात पेट्या अडकल्या त्या क्लोरमेक्वाटमुळे, म्हणजे खरड छाटणीनंतर वाढ रोखायला मारतात ते सीसीसी. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंद प्रणालीत, प्लॉटची नोंद होती, नमुने तपासलेले होते, दाखले जोडलेले होते. पण आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं! यादीत नाही म्हणून प्रयोगशाळेने शोधलं नाही, आणि कागदावर माल स्वच्छ राहिला.

गोदाकाठ
बागायतदाराला बाजारपेठेचे नियम माहीत नकोत? दरवेळी यादीवर ढकलायचं!

निफाडकर
काय बोलता! बागेत ते वर्षानुवर्षं सर्रास वापरात होतं. औषध मारलं उन्हाळ्यात, ते राहिलं काडीत आणि पुढच्या मोसमात मण्यात उतरलं. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. यंत्राने पकडायची गोष्ट शेतकऱ्याने डोळ्यांनी बघायची का?

पंचवटी
द्राक्षं पुरे, विषयावर या.

निफाडकर
विषयावरच आहे. अमेरिकेचा २०२४चा अहवाल ऑगस्ट २०२५मध्ये आला तो बारीक होऊन. सरकारी भ्रष्टाचार, शांततापूर्ण सभा, स्त्रियांवरची हिंसा ही प्रकरणंच गाळली. म्हणजे पुढच्या वर्षी त्या बाबतीत प्रत्येक देश स्वच्छ. शीर्षक गेलं की अधिकारी ती माहिती गोळाच करत नाही, आणि अहवालांवरून देशांना १ ते ५ गुण देणारे अभ्यासकही त्यात अडकतात.

गोदाकाठ
हे मान्य करावं लागतंय. पण मग काश्मीर? २०१८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ४९ पानं लिहिली, इथं पाऊल न ठेवता. दुरून लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा?

गंगापूररोड
पाऊल ठेवू दिलं नाही आणि वर दुरून लिहिलं म्हणून नाकारायचं, ही तक्रार कुठलाही देश करू शकतो. चीनने उइगर मुस्लिमांच्या शिनजियांग प्रांताबद्दलचा याच कार्यालयाचा अहवालही नाकारला. ३१ ऑगस्ट २०२२चा तो अहवाल ४० सविस्तर मुलाखती, उपग्रहचित्रं आणि चीनच्याच सरकारी कागदपत्रांवर उभा आहे. ४० मध्ये २६ जण स्वतः तिथल्या बंदी केंद्रांत कोंडलेले किंवा तिथं काम केलेले. माणसं देशाबाहेर गाठावी लागतात, मग एकाचं बोलणं दुसऱ्याशी, इमारतीचं चित्र निविदेच्या तारखेशी जुळवायचं. एकच साक्ष धरली की इन्क्युबेटरची गत होते, हे तुमचं म्हणणं इथं बरोबर.

पंचवटी
आणि त्यावर ६ ऑक्टोबर २०२२ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत नुसती चर्चा घ्यायची का, यावर मतदान झालं: १७ बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ. भारत तटस्थ. चीन आपला मित्र नाही, तरीही. कारण उद्या आपल्यावर चर्चा आली तर हीच मतं लागतात.

गोदाकाठ
तटस्थ राहिलो ते योग्यच केलं. यावर मी मागे हटणार नाही. अमेरिकेच्या २०२३ आणि २०२४च्या अहवालांची शीर्षकं मात्र शेजारी ठेवून बघतो.

निफाडकर
बघाच. आणि सीसीसीबद्दल बागायतदाराला दोष दिलात तो शब्द मागे घ्या.