जवळचा डॉक्टर, सरकारी दवाखाना की प्रायव्हेट? बेळगाव-खानापूर-निपाणीकरांनो, अनुभव सांगा

आमच्याकडं दवाखान्याचा विषय निघाला की बोलणं दोनच ठिकाणी जाऊन अडतं, एक तर मोठ्या हॉस्पिटलचं बिल नाहीतर सिव्हिलमधली गर्दी. पण वर्षभर आपण खरं जातो कुठं? गल्लीतल्या डॉक्टरकडं, गावातल्या आरोग्य केंद्रात, आणि शहरात २०२२ च्या डिसेंबरपासून नम्म क्लिनिक, म्हणजे सरकारचे छोटे दवाखाने, सुरू झालेत तिथं. तिथं नेमकं काय काय मिळतं, कशासाठी प्रायव्हेटला गेल्याशिवाय पर्याय नाही, आणि दोन्ही एकत्र चालवता येतं का, हे ज्यानं त्यानं आपल्या अनुभवातनं लिहा. "चांगलं आहे", "बेकार आहे" एवढंच नको, काय झालं ते लिहा. तक्रार असेल तर हॉस्पिटलचं आणि डॉक्टरचं नाव घालू नका, उगाच धागा भांडणात जातो.

उचगावची माहेरवाशीण

मी बाळाच्या लसींचं सांगते. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं हे सगळ्या लसी स्वतःकडंच घ्यायला सांगणार, पण त्यांनीच कागदावर दोन रकाने पाडून दिले. डाव्या बाजूला सरकारीत घ्या, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस), पोलिओ, रोटा, न्यूमोनियाची पीसीव्ही, गोवर-रुबेला. उजव्या बाजूला माझ्याकडं, टायफॉईड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए, कारण त्या सरकारी यादीत नाहीत. पीसीव्ही आधी प्रायव्हेटलाच विकत घ्यावी लागायची आणि महाग असायची, २०२१ पासून देशभर सरकारीत फुकट झाली, हे माझ्या सासूबाईंना अजून पटत नाही, फुकटची म्हणजे कमी पॉवरची असं त्यांचं मत!

गुरुवारी अंगणवाडीत सिस्टर निळी पेटी घेऊन येतात, आत बर्फाचे पॅक. गोवरची बाटली एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते म्हणून कधीकधी दोन-चार बाळं जमेपर्यंत थांबवतात, तेवढी तयारी ठेवून जायचं. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात आणि मगच सोडतात, प्रायव्हेटला आम्हाला कोणी बसवलं नव्हतं बघा. ताप मात्र येतो, पेंटाव्हॅलंटनंतर रात्रभर कुरकुर ठरलेली, त्याच्या थेंबांची बाटली त्याच देतात.

खानापूरचा

कुत्रं चावलं माझ्या पुतण्याला, पिंढरीवर, चांगलं दात रुतलेलं. गावातल्या डॉक्टरनं पहिल्यांदा काय केलं असंल तर नळाखाली पाय धरायला लावला आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुऊन घेतलं. आमची म्हातारी तोवर चटणी-चुना घेऊन आलेली, तिला बाहेर बसवलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सरळ सांगितलं, रेबीजची लस माझ्याकडं नाही, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जावा, तिथं पैसे पडत नाहीत. जखम खोल हुती म्हणून लसीबरोबर जखमेत भरायचं सीरम पण लागणार हुतं, ते बेळगावात सिव्हिलला मिळालं. लस हातावर कातडीत देत्यात, पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. शेवटच्याला लोक जात नाहीत, जखम भरली की झालं म्हणत्यात. आमच्या गावच्या डॉक्टरनं फोन करून आठवण केली, त्याची फी कुठल्या पावतीवर येणार सांगा.

कंकुंबी साईड

सगळं गोड गोड चाललंय म्हणून कडू लिहितो. आमच्याकडं संध्याकाळनंतर डॉक्टर भेटला तर नशीब. पावसाळ्यात रात्री बाळंतपणाची वेळ आली तर १०८ ला फोन लावायचा आणि रेंज यायची वाट बघायची, घाटातनं गाडी यायला वेळ लागतो आणि पुढं खानापूर का बेळगाव ते गाडीतच ठरतं. त्यामुळं आमच्यात पोट सातव्या-आठव्या महिन्यात गेलं की पोरीला शहरातल्या पाहुण्यांकडं आणून ठेवत्यात. शहरवाल्यांना कशासाठी कुठं जायचं ते निवडता येतं, आम्हाला अंतर निवडून देतंय.

वडगावातून, नाव नको

टीबी झाला होता म्हणून नाव नको. आमचं घर मागाचं, खोकला आला की धाग्याची धूळ म्हणून सोडून द्यायची सवय. वजन उतरलं तेव्हा प्रायव्हेट छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी निदान केलं आणि म्हणाले औषधं सरकारीतनं फुकट घ्या, तपासायला पाहिजे तर माझ्याकडं येत राहा. मला आधी वाटलं हे मला टाळतायत. तसं नव्हतं, टीबीचा पेशंट सापडला की प्रायव्हेट डॉक्टरलाही सरकारला कळवावं लागतं, २०१२ पासून तो नियम आहे. सहा महिने गोळ्या, आणि खाण्यापिण्यासाठी खात्यावर पैसे, आधी महिन्याला ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. बँक खातं आधारला जोडलेलं नसलं तर ते अडकतात, त्यासाठी मात्र फेऱ्या मारल्या.

आशाताई घरी यायच्या त्याची लाज वाटायची. त्यांनी ओळखलं असणार, गल्लीत कोणी विचारलं तर बीपीच्या सर्व्हेला आलोय म्हणायच्या. दुसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागलं आणि गोळ्यांचा कंटाळा आला तेव्हा त्या माझ्यापुढं पाणी घेऊन उभ्या राहिल्या, गिळल्याशिवाय हलल्या नाहीत.

टिळकवाडीचे काका

फॅमिली डॉक्टर काय देतो ते विचारलंत म्हणून. मला बीपी, शुगर, शिवाय गेल्या वर्षी छातीत दुखलं म्हणून हृदयाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. मधुमेहवाले वेगळे, हृदयवाले वेगळे, दोघंही नावाजलेले, दोघांकडं नंबर लावून तासभर बसायचं आणि आत पाच मिनिटं. गोळ्यांची पिशवी घेऊन आमच्या जुन्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सगळ्या पट्ट्या टेबलावर ओतल्या, चष्मा वर केला, उलट बाजूची बारीक अक्षरं वाचली आणि एक पट्टी बाजूला सरकवली. एका गोळीत टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन एकत्र, आणि दुसऱ्यानं दिलेली गोळी म्हणजे पुन्हा अॅम्लोडिपिनच, कंपनी वेगळी. पायाला सूज का येत होती आणि उठल्यावर चक्कर का येत होती ते तिथं कळलं. त्यांनी स्वतः बंद केली नाही, हृदयवाल्यांना माझ्यासमोर फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि मग कागदावर काट मारली.

आता महिन्याचं बीपी-शुगर नम्म क्लिनिकमध्ये मोजतो, गोळ्या तिथं असल्या तर तिथनं, नाहीतर जनऔषधीतनं. पण रिपोर्ट वाचायला अजून जुन्या डॉक्टरांकडंच. त्यांचा मुलगा हैदराबादला आहे, दवाखाना पुढं कोण चालवणार ते विचारायचं धाडस होत नाही.

निपाणीवाला

काका, लिस्ट करून खिशात ठेवा हो, पट्ट्या नकोत.

माझा मुद्दा कार्डाचा. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. बीपीएल कार्ड आहे, आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये वर्षाला घराला ५ लाखांपर्यंत बसतं म्हणून थेट प्रायव्हेटला गेलो. काउंटरवर म्हणाले सरकारी हॉस्पिटलचं रेफरल लेटर आणा. हे आम्हाला ॲडव्हान्स भरून घेतल्यावर सांगितलं, त्या आधी नाही, तो राग अजून आहे. इमर्जन्सी असेल तर लेटर लागत नाही, पण ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनला लागतं. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्केच मिळतात, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. रेशन कार्ड, आधार आणि लेटर, तिन्ही हातात असल्याशिवाय ॲडमिट करू नका. आतमध्ये आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, पहिल्यांदा त्याला गाठा, बिलिंगवाल्याला नंतर.

येळ्ळूरकर

महाराष्ट्राच्या योजनेचं कोणाला माहीत आहे का? महात्मा फुले जनआरोग्य.

निपाणीवाला

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना ती द्यायची ठरवली, कर्नाटकानं विरोध केला, ते राजकारण पेपरात वाचलं असालच. पेशंट घेऊन निघायच्या आधी कोल्हापूर-मिरजेच्या ज्या हॉस्पिटलात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला फोन करा, आपलं गाव चालतं का आणि कुठला दाखला पाहिजे ते विचारा. पेशंट गाडीत घालून मग विचारू नका.

अनगोळहून, मी स्वतः बीएएमएस

दुसऱ्या बाजूनं लिहितो. लोक येतात आणि म्हणतात डॉक्टर, सलाईन लावा. सर्दी आहे, तीन दिवसांत उतरते, पण इंजेक्शन नाही दिलं तर पेशंट समोरच्या गल्लीत जातो. माझ्याकडं बोर्ड हिरवा आहे, आयुर्वेदाचा, २०२४ पासून कर्नाटकात ॲलोपॅथीला निळा आणि आयुर्वेदाला हिरवा असं ठरलंय, पण बोर्डाचा रंग बघून आत येणारा माणूस मी अजून बघितला नाही. आत आल्यावर "कुठलं पण द्या, लवकर बरं करा".

गरोदर बायकांना मी एकच सांगतो, महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात जा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून चालू आहे, त्या दिवशी तपासणी फुकट आणि काही ठिकाणी प्रायव्हेटचे स्त्रीरोगतज्ज्ञ स्वतः येऊन बसतात. तिथं रक्त कमी निघालं, बीपी जास्त निघालं तर पुढचं लवकर ठरवता येतं. नंतर बाळंतपण कुठं करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

कडोलीची सून

भाषेचं कोणीच लिहिलं नाही. आमच्या आज्जीला पोटात "भगभगतंय" आणि "कळ येतीय" ह्यातला फरक मराठी डॉक्टरला चटकन कळतो, केंद्रात नवीन आलेल्या कन्नड डॉक्टरांपुढं ती नुसती मान डोलवते आणि घरी येऊन म्हणते काय सांगितलं कुणास ठाऊक. मी बरोबर जाते तेव्हा ठीक. तिथल्या जुन्या सिस्टर मात्र हुक्केरीच्या, घरात कन्नड, पण आज्जीशी आमच्याहून झकास मराठी बोलतात, आणि आज्जी गोळ्या विचारायला डॉक्टरांना सोडून त्यांनाच हाक मारते.

चंदगडला दिलेली

माझं सासर महाराष्ट्रात, माहेर हिंडलग्याकडं. बाळंतपणाला माहेरी आले, तिकडचं माता-बाल कार्ड होतं. वाटलं इकडं चालणार नाही. आशाताईंनी ते कार्ड बघूनच नाव लिहून घेतलं, इकडचं तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं माता-बाल कार्ड, करून दिलं आणि राहिलेल्या तपासण्या पुढं चालू केल्या. बाळाच्या पहिल्या लसी इकडं झाल्या, पुढच्या चंदगडला, तिकडच्या सिस्टरनी कन्नड कार्डावरच्या तारखा बघून पुढचं लिहिलं. प्रायव्हेट सोनोग्राफीचे रिपोर्ट दोन्हीकडं दाखवले, त्यांनी झेरॉक्स घेतली. ज्यांना असं जायचं-यायचं असेल त्यांनी दोन्ही कार्डं प्लॅस्टिकच्या एकाच पिशवीत ठेवा, आणि जायच्या आधी पुढच्या लसीची तारीख सिस्टरकडनं मराठीत लिहून घ्या.