सीपी असलेल्या मैत्रिणीला अलिबागच्या सहलीला कसं विचारू?

डोंबिवलीची_लेक:
गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक मुलगी रुजू झाली. तिला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूला अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. दोन्ही हातांत कुबड्या घेऊन चालते, बोलणं थोडं ओढत येतं. मुलुंडहून एकटी ये-जा करते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात तिचा मोठा गोतावळा आहे, कुणाच्या मुलीचं लग्न कुठवर आलं तेसुद्धा तिला ठाऊक असतं. दुपारचा डबा तिच्याशिवाय बेचव लागतो, इतकी हसरी.
आता आम्ही सहाजण दोन दिवस अलिबागला चाललोय. बाकीचे म्हणतात, "तिला कशाला दगदग? सांगूच नको, उगाच वाईट वाटेल." मला हे अजिबात पटत नाही. तिला कसं विचारू? आणि बोट, वाळू, खोली यांची काय तयारी करू?

माहीमचा_दादा:
बाकीच्यांना विचारलंस तसंच विचार. "या तारखांना चाललोय, येतेस का?" बस. "आम्ही सांभाळून घेऊ" हे शेपूट लावू नकोस. दगदग झेपेल की नाही हे तिचं ती सांगेल. रोज मुलुंड स्टेशनचा जिना बघणाऱ्या मुलीला दगदग आपण काय समजावणार!

माझ्या जिवलग मित्राला अ‍ॅथेटॉइड प्रकारचं सीपी आहे. जन्मल्यावर कावीळ फार वाढली आणि मेंदूचा हालचालींवर ताबा ठेवणारा भाग दुखावला. हात उचलायचा ठरवला की तो आधी भलतीकडे जातो, मग हवा तिथे पोचतो. आनंद झाला की हे वाढतं, त्यामुळे मुंबई जिंकायला आली की आम्ही त्याच्यापुढचा चहा उचलून ठेवतो. चहाही स्टीलच्या जाड मगात, अर्धाच. कागदी कप त्याच्या मुठीत चुरगळतो. बुद्धी तल्लख आहे, आमच्या निम्म्या इमारतीचे इन्कम टॅक्स रिटर्न तोच भरतो.

तो एकटा राहतो. सकाळी एक मदतनीस येतो आणि काय, कसं करायचं ते हा त्याला सांगतो. शर्ट घालताना जास्त आखडलेला हात आधी, काढताना तोच शेवटी. आज पोहे नकोत, उपमा कर. लोक म्हणतात, म्हणजे परावलंबीच की. मला हे ऐकवत नाही. कधी उठायचं, कुणाला घरी बोलवायचं, पैसे कुठे गुंतवायचे, सगळं तो ठरवतो. शर्टाची बटणं दुसऱ्याने लावली म्हणून दिवस दुसऱ्याचा होत नाही.

तुझ्या ग्रुपला दोन गोष्टी मात्र आधीच सांग. एक, तिचं बोलणं कळलं नाही तर कळल्यासारखी मान डोलवायची नाही, "परत सांग" म्हणायचं. माझ्या मित्राला त्याचा कधीच राग येत नाही. त्याचं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं की येतो. दोन, वेटर "मॅडमना काय आणू?" असं तुम्हाला विचारेल. उत्तर देऊ नका. मी अशा वेळी मेनूकार्डात डोकं घालतो, मग वेटरला त्याच्याकडे वळावंच लागतं. ऑर्डर द्यायला वेळ लागतो. लागू दे.

आणि बोलणं संथ म्हणजे डोकं संथ असं कुणाला वाटत असेल, तर त्याला मालिनी चिब यांच्याबद्दल सांग, त्यांनाही सीपी आहे. मुंबईत त्यांच्यासारख्या मुलांना नीट शिकता येईल अशी सोय नव्हती, म्हणून त्यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली. मालिनीताई एका बोटाने टाइप करतात. झेवियर्समधून पदवी आणि पुढे लंडनला दोन मास्टर्स, सगळं त्या एका बोटावर.

बोटीचं म्हणशील तर गेटवेची लाँच टाळा. ओल्या पायऱ्या, हलती लाँच, त्यात कुबडीचं रबर घसरतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडी सरळ आत नेता येते. आतल्या जिन्या-लिफ्टचं फोनवर विचारून ठेव. कोरड्या वाळूत कुबड्या रुततात, ओहोटीची ओली वाळू घट्ट असते. तेव्हा भरती-ओहोटीची वेळ बघून किनाऱ्यावर जा. ओहोटीत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडीही जाते.

कुबडीवाली_नाशिक:
मला स्वतःला सीपी आहे. दादांचं सगळं बरोबर, पण आमचा पहिला प्रश्न ना बोट ना वाळू. संडास! कमोड आहे का, दारातून कुबड्यांसकट आत जाता येतं का, धरायला काही आहे का. हे कळेपर्यंत मी कुठल्याच सहलीला हो म्हणत नाही, आणि बऱ्याचजणी घराबाहेर पाणीच कमी पितात. तुम्ही आधीच खोलीचे फोटो पाठवलेत तर तिचा निम्मा घोर जाईल.
दुसरं, मागून येऊन दंड धरू नका. आम्ही दचकतो, अंग आखडतं आणि तोल तिथेच जातो. समोर येऊन कोपर पुढे करा, हवा असेल तर ती धरेल.

फिजिओ_ठाणे:
थोडी भर. मेंदूची इजा वाढत नाही, पण स्नायू आखडत जातात. गाडीत फार वेळ एका जागी बसवू नका, मधे उतरून पाय ताणू द्या. गार वाऱ्याने, थकव्याने कडकपणा वाढतो. तिला चालायला आपल्यापेक्षा खूप जास्त ताकद लागते, म्हणून दुपारची विश्रांती सगळ्यांच्याच कार्यक्रमात ठेवा.

डोंबिवलीची_लेक:
आज डब्याच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं. तिचा पहिला प्रश्न, "पापलेट कुठे खायचं ते ठरलं का?" दुसरा कमोडचाच! नाशिकच्या ताई, खूप आभार. नागावला तळमजल्याची खोली मिळतेय, कमोड आहे, दार रुंद आहे, पण धरायला दांडा नाही. टाइल्सवर दाबून चिकटवायचे दांडे मिळतात ते नेऊ का?

कुबडीवाली_नाशिक:
त्यांच्यावर सगळा भार टाकू नका, ओल्या टाइलवरून सुटतात. प्लास्टिकची हातवाली जड खुर्ची मागा, कमोडशेजारी भिंतीला टेकवून ठेवा आणि पोचल्यावर तिला एकदा बसून-उठून बघू द्या. आंघोळीलाही तीच चालेल. खाली रबरी मॅट हवी, ती घरूनच न्या.