पुण्याच्या गायिकेबरोबर तीन महिने पेटी वाजवायला जाऊ, की बँकेची किल्ली सांभाळू?

काळीपाच (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार मंडळी. वय 32. एका सहकारी बँकेत नववं वर्ष, आधी कॅशला, आता शाखेत अधिकारी. पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवतो. गाणाऱ्याच्या साथीची, सोलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सगळं तिथंच अडकलं आहे.

पुण्याच्या एका गायिकेनं डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दौऱ्यासाठी विचारलंय. 14 कार्यक्रम, एकाचे 8,000, जाणं-येणं-राहणं त्यांच्याकडं. झाले 1,12,000. बँकेतून हातात 46,000 येतात, म्हणजे तीन महिन्यांचे 1,38,000. घराचा हप्ता 17,800. हिशेब मला येतो, तो विचारायला आलो नाही.

मागच्या जानेवारीची गोष्ट सांगतो. सिव्हिल लाइन्सला देशपांडे हॉलमध्ये साडेसहाचा कार्यक्रम होता. पेटी सकाळीच तबलेवाल्या मित्राच्या गाडीत पाठवली, म्हटलं शाखेतून थेट जाऊ. पाच वाजता कॅश 500 रुपयांनी कमी निघाली. आमच्या स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या, दोघांकडं एकेक, त्यातली एक माझी. दोघंही हजर असल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही. कॅशियर ताईनं बंडलं पुन्हा मोजली, मग व्हाउचरं एकेक लावली, मग आम्ही तिघं टेबलाखाली. नोट सापडली मोजायच्या मशीनच्या मागं, भिंतीला चिकटून. तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. हॉलवर पोचलो तर माझ्या जागी दुसरा मुलगा, अन् त्याच्यापुढं माझीच पेटी. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकली. बरी वाजत होती.

ऑफिसात हे सांगितलं की लोक गायक वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण देतात. मिलिटरी अकाउंट्समध्ये एवढी वर्षं कारकुनी केली अन् 1967 ला 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक आलं तेव्हा 47 वर्षांचे होते, मग तुला कसली घाई? पण ते गाणारे होते. गाणाऱ्याच्या सोयीनं तारीख ठरते, पेटीवाल्याला ती कळवतात. आकाशवाणीनं तर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीच बंद ठेवली होती. तेवढी वर्षं पेटीवाल्यांनी काय केलं असेल? नोकऱ्याच केल्या असतील.

बायको म्हणते जा. आई म्हणते नोकरी काय झाडाला लागते का. सकाळी पाच ते साडेसहा रियाज चालतो, बाजूच्या काकांची अजून तक्रार नाही. मे महिन्यात कूलर लावला की पट्ट्या फुगून अडकतात, नाही लावला की मी अडकतो. असं किती वर्षं चालवायचं?

राजीनामा द्यावा, बिनपगारी रजा मागावी, की नाही म्हणून मोकळं व्हावं? ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनीच सांगा.

तर्रीवाला

जा ना बे भाऊ. काहून विचारून राहिला?

जुना_लेजर

मी बँकेतूनच निवृत्त झालो, म्हणून बँकेचं तेवढं बोलतो.

घराचं कर्ज स्टाफ रेटनं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या दरानं, घेतलं आहे का? असेल तर राजीनाम्यानंतर तो दर बहुतेक ठिकाणी राहत नाही, कर्ज सामान्य ग्राहकाच्या दरावर जातं. 17,800 चा हप्ता 17,800 राहणार नाही. मंजुरीपत्र काढून वाचा, आजच.

दुसरं, बाहेरच्या कामाचे पैसे घेता त्याला बँकेची लेखी परवानगी आहे का? बहुतेक बँकांच्या सेवानियमांत ती लागते. आजवर कोणी विचारलं नसेल, पण ज्या दिवशी तुमचं कोणाशी वाकडं येईल त्या दिवशी विचारतील. आणि 8,000 वर 10 टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापला तर तो तुमच्या पॅनवर दिसतोच, मग नुसतं पगारदाराचं आयटीआर-1 हे विवरणपत्र चालत नाही. पेटीची दुरुस्ती, प्रवास, सगळ्याच्या पावत्या ठेवा.

10 दिवसांची सक्तीची रजा कार्यक्रमाला वापरू असं मनात असेल तर विसरा. रिझर्व्ह बँकेनं ती आधी न सांगता द्यायला सांगितली आहे, तुम्हाला तारीख कळणारच नाही.

सक्करदरा_कीबोर्ड

काळीपाच, तू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, म्हणून तू म्हणतो.

मी हिंगण्याला एका कारखान्यात होतो, मेंटेनन्सला. 2009 मध्ये सोडलं. तेव्हा ऑर्केस्ट्राला दिवस बरे होते. गणपती, नवरात्र, मग लग्नं. नवरात्रात नऊच्या नऊ रात्री बुक असायच्या. एका पार्टीत आम्ही सात-आठ जण: दोन की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, बेस, गिटार, कधी सॅक्सोफोन. नंतर ट्रॅक आले, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत. गाणारा पेन ड्राइव्ह घेऊन यायला लागला. आधी बेसवाला घरी बसला, मग गिटारवाला, मग मी. आता तर आपल्या नागपुरात कराओके क्लब एवढे झाले की लोक उलट पैसे भरून गातात. त्यांचं चूक नाही, त्यांना गायचं आहे. पण पूर्वी ते ऐकायला यायचे अन् त्यांच्या तिकिटावर आम्ही जेवायचो.

मग 2020. मार्चपासून एकही तारीख नाही. वर्षभरानं मोठा की-बोर्ड विकला, लहान ठेवला. आता 22 मुलांना शिकवतो.

पश्चात्ताप नाही असं सगळ्यांना सांगतो. इथं नाव लिहिलेलं नाही म्हणून सांगतो, आहे. वाजवण्याचा नाही. पीएफ काढून की-बोर्ड घेतला, त्याचा आहे.

तुझी पेटी ट्रॅकमध्ये मावत नाही, हे तुझं नशीब. गाणारी कुठं थांबेल, कुठली जागा परत घेईल हे पेन ड्राइव्हला कळत नाही. म्हणून तुझ्या कामाला मरण लवकर नाही. पण तू 14 तारखा मोजून राहिलास, पंधरावी कुठं आहे? मार्चमध्ये त्या बाई तुलाच बोलावणार, की पुण्यातला त्यांचा नेहमीचा पेटीवाला या तीन महिन्यांपुरता मोकळा नाही म्हणून तू? हे विचार. लाज वाटू देऊ नको. कार्यक्रम रद्द झाला तर काय देणार, तेही विचार, अन् लिहून घे.

भैरवी_बजाजनगर

दादा, लिहून कोण देतं आपल्याकडे? मी गाते, सतरा-अठरा वर्षं झाली, एकदाही कोणी कागद केला नाही. तारखांची यादी मोबाइलवर मागा, ती सगळे पाठवतात, आणि भांडायची वेळ आलीच तर तेवढी पुरते.

काळीपाच, गाणाऱ्यांच्या बाजूनं एक सांगते. तुम्ही कार्यक्रम 14 मोजलेत, तालमी मोजल्या नाहीत. मला साथीला बोट तयार असलेला माणूस मिळतो. तालमीला चार वेळा बसणारा मिळत नाही. त्या पुण्यात, तुम्ही इथे. तालमी कुठे होणार? त्या म्हणाल्या की थेट कार्यक्रमाच्या सकाळी बसू, तर समजा की तुम्ही तात्पुरते आहात. आधी चार दिवस पुण्याला या म्हणाल्या, तर गोष्ट वेगळी.

आणि ती पेटी दुसऱ्यानं वाजवली ते वाचून मला कसंतरी झालं. गाणाऱ्या व्यक्तीनं तुम्हाला नंतर फोन केला का?

काळीपाच

भैरवीताई, नाही केला.

सगळ्यांचे आभार. मंजुरीपत्र काढलं. स्टाफ रेटच आहे, अन् जुना_लेजर काकांनी लिहिलं तसंच कलम आहे, तिसऱ्या पानावर. राजीनाम्याचा विषय मिटला. परवानगीचा अर्ज कालच टाइप केला.

पुण्याला फोन केला. त्यांचा नेहमीचा पेटीवाला तीन महिने परदेशी आहे. त्यांनी सरळच सांगितलं, मला ते आवडलं. तालमीला मात्र 20 नोव्हेंबरपासून पाच दिवस या म्हणाल्या. आता हे तात्पुरतं की वेगळं, ताई तुम्हीच सांगा.

यादी आली. 14 पैकी 9 तारखा रविवारी किंवा दुसऱ्या-चौथ्या शनिवारी पडतात. तालमी अन् जाण्या-येण्याचे दिवस धरून 13 दिवसांची रजा लागते, शिल्लक 41 आहे. म्हणजे रजा कधी अडचण नव्हतीच. सोमवारी मॅनेजर साहेबांकडं गेलो अन् रजा न मागता म्हटलं, माझ्याकडची किल्ली दुसऱ्याकडं द्या. ते म्हणाले, किल्लीचा भत्ता जाईल. म्हटलं जाऊ द्या. मग म्हणाले, घेणार कोण? शाखेत कोणालाच नको आहे. कॅशियर ताईला विचारलं, तर ती म्हणाली विचार करून सांगते, माझा मुलगा दहावीला आहे.

आता तिच्या उत्तराची वाट पाहून राहिलो.

सक्करदरा_कीबोर्ड

त्या मुलाला गणित शिकवायला कोणी पाहिजे का विचार. माझ्याकडं एक चांगला पोरगा येतो.