मदत हवी आहे: शिशाच्या जुन्या मिनिएचरवर पांढरी भुकटी, वर एनॅमलचे थर

पंचवीसमिमी:
सिटाडेल आणि राल पार्था या कंपन्यांच्या १९८०च्या दशकातल्या चाळीसेक मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या धातूच्या छोट्या मूर्ती, आहेत. ऑर्क, बुटके योद्धे, थोडे अंतराळ सैनिक. बहुतेकांवर एनॅमल रंगाचे जाड थर आहेत. पाच-सहांच्या पायाशी पांढरी भुकटी धरते, पुसली तरी परत येते. ठेवल्यात एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) बंद खणात. रंग कशाने काढू? भुकटीचं काय? आणि ठाण्याच्या पावसाळ्यात प्रायमर मारता येईल का?

कथील:
रंगाचं नंतर, आधी खण रिकामा करा. एमडीएफ, प्लायवूड, पुठ्ठा यांतून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते. दमट बंद जागेत ती शिशाला खाते आणि शिशाचं कार्बोनेट तयार होतं, तीच ही भुकटी. वाफ चालू आहे तोवर पुसून उपयोग नाही. झाकणाचा पॉलीप्रॉपिलीनचा डबा आणि सिलिका जेल, एवढं पुरे. सगळीकडे सारखा काळसर थर असेल तर त्याला हात लावू नका, तो धातूला राखतो.

भुकटी विषारी आहे, कोरडी कधीच घासू नका. नायट्राइलचे हातमोजे घालून पाण्याखाली मऊ ब्रशने काढा, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि हेअर ड्रायरने खाचाखोचांपर्यंत वाळवा. भांडी स्वयंपाकघरातली नकोत, गढूळ पाणीही तिथल्या सिंकमध्ये नको. व्हिनेगर वापरा असं कोणी सांगेल. तेही ॲसिटिक आम्लच! खाल्लेला चेहरा मात्र परत येत नाही.

थिनरवाला:
एनॅमलला ॲसिटोन. काचेच्या बरणीत मिनिएचर बुडेल इतकं घ्या, झाकण लावून रात्रभर ठेवा, मग टूथब्रशने घासा. खिडकी उघडी, जवळपास गॅस-काडेपेटी नाही. प्लास्टिकचा बेस किंवा ढाल आधी सोडवा, नाहीतर विरघळेल. सुपरग्लूचे जोडही सुटतील, ते बरंच आहे.

पंचवीसमिमी:
डेटॉल चालतं म्हणतात?

थिनरवाला:
चालतं, पण जुन्या एनॅमलवर मंद. शिवाय घासून होईपर्यंत पाणी लावायचं नाही. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट राडा होतो आणि तो खाचांत बसतो. धातूला ॲसिटोनच बरं.

कथील:
सगळ्या शिशाच्याच असतील असं धरून चाला. राल पार्थाने १९९३ला शिसं सोडून रॅलिडियम हा बिनशिशाचा मिश्रधातू आणला, तुमच्या त्याआधीच्या आहेत. शंका असेल तर तळ कागदावर ओढा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर शिसं भरपूर.

मॅटफिनिश:
प्रायमरशिवाय ॲक्रिलिक धातूवर टिकत नाही, नखाने सोलून निघतं. स्प्रे असेल तर २०-२५ सेंमीवरून दोन-तीन पातळ फवारे. हवेत दमटपणा ७० टक्क्यांच्या वर असला की पृष्ठभाग रवाळ होतो, कधी पांढुरका. म्हणजे जुलैत स्प्रे विसरा, ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळू द्या. जाड एक हात दिलात तर त्या काळचं बारीक कोरीव काम, विशेषतः चिलखताच्या कड्या, बुजून जातं.

तुटलेला हात-भाला नुसत्या सुपरग्लूवर सोडू नका. १ मिमीच्या ड्रिलने दोन्हीकडे भोक पाडून पितळी तार घाला. ड्रिलचा कीस ओल्या कागदाने टिपून घ्या.

खेळात हाताळणार असाल तर शेवटी आधी ग्लॉस वार्निश, ते वाळल्यावर मॅट. नुसतं मॅट कडांवरून लवकर झिजतं.