सोफ्याला वेल्वेट घ्यावं की लिनन, असं तुम्ही विचारलंय.
घरात मांजर आणि दोन लहान मुलं आहेत असंही लिहिलंय ना, मग शेनील (केसाळ, फुगीर धाग्याचं मऊ कापड) तर अजिबात नको, दुकानदार कितीही मऊ म्हणून गळ्यात मारो, नखं अडकली की त्याचे धागे बाहेर येतात. वेल्वेट त्यामानाने बरं, वर फक्त कापलेली लव असते, नखाला पकडायला फासे नसतात. पण पॉलिएस्टर वेल्वेटच घ्या, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला चमकदार धागा) वेल्वेटवर नुसतं पाणी सांडलं तरी डाग राहतो आणि लव दबली की दबलीच. प्युअर लिनन दिसायला फार सुंदर पण चुरगळतं आणि बैठकीवर ढिलं पडतं, ते पडद्यांना ठेवा.

आणि रंग बघायच्या आधी मार्टिनडेल आकडा विचारा हो, म्हणजे मशीनवर किती फेऱ्या घासल्यावर कापड झिजतं ते, रोजच्या वापरातल्या सोफ्याला २५,००० च्या पुढचं बघा.

औरंगाबादी हिमरू (रेशीम आणि सुताचं नक्षीदार विणलेलं कापड) मला जीव की प्राण, पण त्याच्या उलट्या बाजूला सुटे धागे असतात, बैठकीला टिकणार नाही, दोन कुशन कव्हर्स मात्र जरूर करा. पडदे सुती घेतले तर शिवायच्या आधी धुवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आखूड होतील.