तीन डॉलरच्या पगारातून एक डॉलर कपात : अमेरिकेच्या पहिल्या सैन्याची रसद कंत्राटदारावर सोपवणे योग्य होते का?

मूळ मत

३० एप्रिल १७९० च्या कायद्याने अमेरिकी काँग्रेसने साध्या शिपायाचा पगार महिना ३ डॉलर ठरवला. त्यातून ९० सेंट गणवेशासाठी आणि १० सेंट रुग्णालयाच्या सामानासाठी कापले जात. म्हणजे ओहायो नदीपलीकडच्या जंगलात जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाच्या हाती, तेही पगार पोहोचला तर, २ डॉलर पडत. त्याच कायद्यात रोजचा शिधाही ठरलेला आहे : एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचे मांस, एक पौंड पाव किंवा पीठ, थोडी दारू, आणि शंभर शिध्यांमागे एक क्वार्ट मीठ, दोन क्वार्ट व्हिनेगर, दोन पौंड साबण व एक पौंड मेणबत्त्या. कागदावर इतका नेमका हिशेब ठेवणाऱ्या सरकारला तो शिधा छावणीपर्यंत पोहोचवता आला नाही, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

१७९१ ची, ओहायोपलीकडच्या मूळनिवासी टोळ्यांविरुद्धची सेनापती आर्थर सेंट क्लेअर यांची मोहीम पाहा. शिध्याचे कंत्राट विल्यम ड्यूअर यांच्याकडे होते. काही काळापूर्वीपर्यंत ते अर्थखात्यात अर्थमंत्री हॅमिल्टन यांचे सहायक होते आणि त्यांचे लक्ष न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात गुंतलेले होते. क्वार्टरमास्टर, म्हणजे सैन्याचे सामान व वाहतूक पाहणारे अधिकारी, सॅम्युअल हॉजडन सप्टेंबर उजाडेपर्यंत सीमेवरच्या फोर्ट वॉशिंग्टनला पोहोचले नव्हते, मोहीम मात्र जुलैत निघायची होती. फिलाडेल्फियाहून आलेली खोगिरे तिथल्या घोड्यांना मोठी पडली. पीठ संपत आले, माणसे पळून जाऊ लागली. पळालेल्यांच्या हातून मागून येणारा रसदीचा तांडा लुटला जाऊ नये म्हणून सेनापतीला आपली सर्वांत कसलेली पलटण मागे धाडावी लागली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे मियामी आणि शॉनी योद्ध्यांनी छावणीवर हल्ला केला तेव्हा ती पलटण तिथे नव्हती. सहाशेहून अधिक शिपाई मारले गेले.

ज्याला सैन्याची भूक दिसत नाही त्याच्या हाती कोठाराच्या किल्ल्या देऊ नयेत, एवढे माझे म्हणणे आहे. काँग्रेसने मात्र ८ मे १७९२ च्या कायद्याने सैन्याची सगळी खरेदी आणि सगळी कंत्राटे अर्थखात्याच्या अखत्यारीत टाकली. पराभवातून निघू शकणारा सर्वांत चुकीचा धडा तोच होता.

पहिला प्रतिसाद

आपण १७९१ पासून सुरुवात केली आहे. मी १७७८ पासून करतो, कारण सैन्याने आपली खरेदी स्वतः करावी हा प्रयोग तोवर होऊन गेला होता. स्वातंत्र्ययुद्धात व्हॅली फोर्जच्या छावणीत सैन्याने हालात काढलेल्या हिवाळ्यानंतर नॅथॅनिएल ग्रीन क्वार्टरमास्टर जनरल झाले. ते कर्तबगार होते आणि त्यांच्या काळात वाहतूक सुधारली, हे निर्विवाद आहे. पण त्यांना आणि त्यांच्या सहायकांना खर्चाच्या रकमेवर कमिशन मिळत असे, म्हणजे खर्च जितका वाढेल तितकी त्यांची प्राप्ती वाढे. त्यातच कागदी चलन इतके घसरले की मार्च १७८० मध्ये काँग्रेसने स्वतःच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर असा दर मान्य केला. १७८१ मध्ये काँग्रेसचे अर्थप्रमुख रॉबर्ट मॉरिस यांनी ठरावीक दराने शिध्याची कंत्राटे दिली, ती या अनुभवातून. पुढे ती कंत्राटे मोडली याचे मोठे कारण असे की, राज्यांकडून पैसा न आल्यामुळे मॉरिस यांना कंत्राटदारांची देणी वेळेवर भागवता आली नाहीत.

१७९२ च्या कायद्याबद्दल आपण अर्धेच सांगितले आहे. सैन्याच्या मुख्य ठाण्याजवळ राहणारा पगार अधिकारी आणि युद्धखात्याचे हिशेब तपासणारा स्वतंत्र लेखापाल, ही दोन्ही पदे त्याच कायद्याने निर्माण झाली. त्यामुळे तो कायदा शिपायाला विसरला होता असे मला म्हणता येत नाही. आणि खरेदी करणारा हात व तलवार धरणारा हात वेगळे असावेत, ही भीती उगाच नव्हती. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत थकलेल्या पगारापायी चिडलेल्या अधिकाऱ्यांना वॉशिंग्टन यांनी स्वतः समोर उभे राहून आवरले होते, त्याला जेमतेम नऊ वर्षे झाली होती.

दुसरा प्रतिसाद

आपण दोघेही रसदीवर बोलत आहात, पण शिपायाचा विश्वास पगारापायी उडाला होता. १ जानेवारी १७८१ च्या रात्री पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केले, त्यामागे थकलेला पगार आणि लांबलेली नोकरी होती. युद्ध संपल्यावर शिपायांना रोख रकमेऐवजी थकबाकीचे कागदी दाखले हाती देऊन घरी पाठवले गेले. घरी पोहोचण्याआधी पोट भरायचे म्हणून अनेकांनी ते मिळेल त्या भावाने सटोडियांना विकले. १७९० मध्ये सरकारने या दाखल्यांसह युद्धकाळच्या कर्जाची जबाबदारी घेतली तेव्हा, लाभाचा काही भाग दाखल्यांच्या मूळ धारकांना द्यावा असे प्रतिनिधिगृहाचे सदस्य जेम्स मॅडिसन यांनी सुचवले. प्रतिनिधिगृहाने ते ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले. दाखल्यांच्या प्रत्येक हस्तांतरणाचा माग काढणे कठीण होते, हे मला मान्य आहे. तरीही त्याच वर्षी ३ डॉलरमधून १ डॉलर कापणारा कायदा करताना त्या सभागृहाला काही वाटले असेल का, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

पगार अधिकारी आणि लेखापाल यांचा उल्लेख मी करायला हवा होता; ती उणीव मान्य करतो. पण खरेदीपुरते माझे मत कायम आहे. जुलै १७९८ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपेल अशी चिन्हे दिसताच काँग्रेसने खरेदी आणि कंत्राटे पुन्हा युद्धखात्याच्या आदेशाखाली आणली. सहा वर्षांत निर्णय फिरवावा लागला, हे पुरेसे बोलके नाही का?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

१७९८ नंतरही शिधा कंत्राटदारच पुरवत राहिले आणि ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धात तेच हाल पुन्हा झाले. म्हणजे खाते बदलून प्रश्न सुटला नव्हता. सुधारणा झाली ती एप्रिल १८१८ च्या कायद्यानंतर, जॉन कॅल्हून युद्धमंत्री आणि जॉर्ज गिब्सन शिधापुरवठ्याचे प्रमुख असताना. तेव्हाही जाहीर सूचना देऊन कंत्राटेच दिली जात. फरक असा की कंत्राटदार धान्य आणि मांस ठोक मापाने ठरलेल्या ठिकाणी आणून देई, तिथे त्याची तपासणी होई, आणि तिथून शिपायाच्या ताटापर्यंतची जबाबदारी सैन्याच्या अधिकाऱ्याची असे. सेंट क्लेअर यांच्या मोहिमेत जंगलातल्या छावणीपर्यंतचा तो टप्पाही कंत्राटदाराकडेच होता. आपला आक्षेप या टप्प्यापुरता असेल, तर तो मला मान्य आहे.