अनुभव धागा : घाट न चढलेला मासा

देवळालीकर
परवा मासळीबाजारात शेजारच्या काकूंनी पापलेटाचं गलफड उचललं, बोटानं पोट दाबलं आणि "कालचाय" म्हणून सरळ पुढे गेल्या. नाशिकला समुद्राचा मासा येतो तो बर्फात बसून, कसारा घाट चढून. त्यामुळे आपली सगळी हुशारी गलफडाच्या रंगात आणि पोटावर खड्डा राहतो का, यात.

कोरियात बुसानच्या जागाल्ची बाजारात ही हुशारी काहीच कामाची नव्हती. तळमजल्यावर टाक्यांमध्ये मासे पोहताहेत. बोट दाखवायचं, मावशी जाळीनं काढून कापतात, मग वरच्या मजल्यावर वेगळे पैसे दिले की शिजवून मिळतं. मित्रानं ऑक्टोपसचे ताजे तुकडे मागवले, त्याला तिथे सान्नाक्जी म्हणतात. तिळाच्या तेलातही ते वळवळत होते. नीट चावा, नाहीतर घशाला चिकटतात, असं मावशींनी हातवारे करून दोनदा बजावलं. मी एकच तुकडा खाल्ला आणि पुढची पाच मिनिटं चावत बसलो.

आशियात फिरताना काय खाल्लंत ते लिहा. कोचीही आशियातच येतं. नुसती नावं नकोत, प्रसंग सांगा.

गंगापूररोडवाली
बँकॉकहून आम्ही मे क्लोंगला गेलो होतो. रुळांवर भरणारा तो बाजार. गाडी आली की छत्र्या आत, गेली की बाहेर. सगळे गाडीचे फोटो काढत होते, माझं लक्ष मात्र बांबूच्या गोल टोपल्यांकडे. त्यात माना मोडलेले वाफवलेले छोटे मासे दाटीवाटीनं बसवलेले. प्ला थू म्हणतात त्यांना, आपल्या बांगड्याचे सख्खे चुलतभाऊ. टोपलीत मावावेत म्हणून मान वाकवतात! तळून, कोळंबीच्या खाऱ्या पेस्टच्या झणझणीत चटणीबरोबर खाल्ले. बांगडाच तो, पण मीठ-मिरचीत आपल्यापेक्षा दोन पावलं पुढे.

निफाडची सून
माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे नाशिकच्या "ताज्या" माशावर मी गप्प बसते. सासरी राहायचंय.

श्रीलंकेत नेगोंबोला पहाटे किनाऱ्यावर गेलो. वाळूवर लांबच लांब चटया, त्यावर मासे वाळत घातलेले, वर कावळ्यांची शाळा. नवऱ्यानं नाकाला रुमाल लावला, मला मात्र माहेरचं अंगण आठवलं.

दुपारी एका घरगुती खानावळीत आंबुल थियल जेवलो. कुप्याचे (म्हणजे ट्यूनाचे) चौकोनी तुकडे, त्यांना गोरका, मिरी, दालचिनी आणि मीठ वाटून चोळायचं, मातीच्या भांड्यात कढीपत्त्यासकट रचायचं आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. बाहेरून काळंकुट्ट, रस्सा औषधालाही नाही. आंबटपणामुळे फ्रीज नसतानाही काही दिवस टिकतं, असं तिथल्या आजी म्हणाल्या. हे गोरका म्हणजे आपल्या कोकमाच्याच जातकुळीतलं, केरळात त्यालाच कुडमपुळी म्हणतात. कोकमापेक्षा काळं, चव जरा धुरकट.

एक पुडी घरी आणली, बांगड्याच्या तिखल्यात घातलं. सासूबाईंनी चाखून विचारलं, "अगं, कोकमं जुनी झालीत का?" मी हो म्हणाले. आता पुडी संपली, आणि त्याच विचारतात, ती जुनी कोकमं कुठंयत.

इंदिरानगर
सगळ्यांचं छान चाललंय, तर माझी फजिती ऐका. समुद्रकाठचं एक हॉटेल, देश सांगत नाही. कार्डावर खेकड्याचा भाव बघून खूश झालो, चौघांसाठी दोन मोठे सांगितले. बिल आलं तेव्हा बायकोनं चष्मा लावून भावाखालची बारीक अक्षरं वाचली : दर १०० ग्रॅमला. खेकडे सव्वा-सव्वा किलोचे. चव सुंदर होती, पण पुढचे दोन दिवस आम्ही सोबत नेलेल्या चिवड्यावर काढले. आधी वजन करून घ्या, रक्कम लिहून घ्या, मगच मान डोलवा.

सिडकोचा शाकाहारी
माझाही हक्क आहे बुवा. व्हिएतनाममध्ये "मांस नको" म्हटलं तरी सॅलडवर माशाचा सॉस पडतोच, कारण त्यांच्या लेखी ते मीठ. शेवटी "आन चाय" हे दोन शब्द पाठ केले. पाटी "चाय"ची, म्हणून मी आधी चहाची टपरी समजलो! निघालं शुद्ध शाकाहारी जेवण. बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असं जेवतात, आपल्या एकादशीसारखंच, फक्त साबुदाण्याविना. तोफू आणि लेमनग्रासचं एक कालवण अजून आठवतंय.

पंचवटीतले काका
@निफाडची सून, ताई, कुप्यावरून आठवलं. मुलाबरोबर मालदीवला गेलो होतो. तिथे सकाळी न्याहारीलाच मास हुनी देतात : कुपा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हातानं कुस्करून. सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. पहिल्या दिवशी सकाळी सकाळी मासा म्हणून बिचकलो, तिसऱ्या दिवशी तिसरी रोशी मागितली.

आता एक विनंती, उद्यापासून श्रावण आहे. महिनाभर हा धागा वर आणू नका.